शुभवर्तमानातलं 'वर्तमान' कोणतं?

पऱ्हाटी
शेजारचा पोरगा नववीत आहे. रविवारच्या शाळेत त्याला मार्कच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलातल्या मार्कने लिहिलेल्या येशूच्या कथेवर, बोलायचं आहे. मला विचारतो, "काकाजी, होऊन गेलेल्या गोष्टीले वर्तमान काऊन म्हणते?" मी ठोकून दिलं, वर्तमान म्हणजे बातमी, वर्तमानपत्रातलं. त्याचे वडील म्हणाले, छे, येशू आजही जिवंत आहे म्हणून वर्तमानकाळ! त्यातून त्यांच्या प्रतीत मथळा 'शुभवर्तमान' आणि आत पहिल्याच अध्यायात 'सुवार्तेवर विश्वास ठेवा'. मूळ ग्रीक शब्द एकच, एवांगेलिओन. मग मराठीत दोन कशाला?

बोरूबहाद्दर
तुमचं बरोबर, त्यांचं गोड. वृत्त, वार्ता, वर्तमान, तिघंही 'वृत्' धातूचीच लेकरं. बखरीत 'वर्तमान कळले' येतं तेव्हा काळ कोणी विचारत नाही. पण आता हा अर्थ मेला. शुद्ध आणि जिवंत शब्द 'सुवार्ता'च.

मोठीआई
मेला कसा? वडिलांच्या पत्रात 'इकडील वर्तमान ठीक' असायचंच. कधी बैल गेल्याचंही वर्तमान असे, म्हणून पुढे 'शुभ' लावावं लागलं असेल. आमच्या घरी 'खबर आली' म्हटलं की कोणीतरी गेलंच. तेवढा शब्द नका घालू बाप्पा.

सातबारा
दोन्ही पुस्तकी. खरा शब्द दवंडी. रोमन सम्राटाच्या जन्माची, विजयाची खूशखबर गावोगाव जाई, तिलाही हाच ग्रीक शब्द होता. मार्क चालतोही तसाच. जन्मकथा नाही, वंशावळ नाही, थेट बाप्तिस्मा देणारा योहान आणि नदी. 'लागलाच, लागलाच' करत चाळीसेक वेळा पळवतो. मग अकराव्या अध्यायात येरुशलेम आलं की पाय जड होतात. सोळातले शेवटचे सहा अध्याय जवळपास एका आठवड्यावर.

मोठीआई
दवंडी? कुष्ठरोग्याला बरं करून 'कोणाला सांगू नको' म्हणतो तो येशू, आणि तुम्ही डफडं वाजवता!

सातबारा
हौ ताई, पण तो कुष्ठरोगी गप्प बसला का? गावभर केलं. आणि शेवटी रिकाम्या कबरेपाशी बायांना 'जाऊन सांगा' म्हटलं, तर त्या भिऊन कोणालाच काही बोलल्या नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच थांबतो, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला. ज्याला नको म्हटलं तो बोलला, ज्यांना सांग म्हटलं त्या गप्प. पोराला हे सांगा, धातू काय सांगता.

बोरूबहाद्दर
धातू विचारला होता म्हणून सांगितला.

रिद्धपूरचा वाटसरू
आमच्या अमरावती जिल्ह्यात बसून ग्रीसला कशाला जाता? म्हाइंभटांनी हिंडून महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्यांना 'लीळा' म्हणतात. मार्कमध्येही सुटे प्रसंग माळेत ओवलेले. मधोमध, आठव्या अध्यायात, शिष्य पेत्र येशूला म्हणतो 'आपण ख्रिस्त आहात' आणि तिथून वाट वधस्तंभाकडे वळते. पूर्वार्ध, उत्तरार्ध. मी तर 'येशूच्या लीळा' म्हणेन.

बोरूबहाद्दर
लीळा म्हटलं की अवतार आला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. असला हिंदू रंगाचा शब्द त्यांना चालला नसता.

रिद्धपूरचा वाटसरू
मग 'शुभ' कसं चालतं? शुभ-लाभ आम्ही दिवाळीला वहीवर लिहितो.

पऱ्हाटी
मंडळी, पोराचा रविवार परवा आहे. दोन शब्द का, एवढंच सांगा ना.

बोरूबहाद्दर
पुस्तकाचं नाव रूढ झालं ते टिकलं, आतली भाषा बदलत गेली. एवढंच असावं.

सातबारा
'असावं'वर पोरगा काय बोलणार? बरं मोठीआई, तुम्ही डफडं म्हणालात. आमच्या वणीकडे कोतवाल दवंडीला डफडं नाही, थाळी वाजवायचा.

मोठीआई
थाळी? दूधवाल्याची की काय? आमचा कोतवाल डफडंच वाजवायचा, आणि पाऊस आला की ते चुलीपाशी शेकायला आमच्याच घरी आणायचा.