बार्टी, जॉर्डन आणि दोन बाणांचा फॉरवर्ड

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, रविवार सकाळ)

सावंत काका, ए-१०४ (९:०२): ‘जगापासून लपवलेलं सत्य!! पंचविसाव्या वर्षी, नंबर एकवर असताना कोणी खेळ सोडतं का? टेनिसच्या ॲश बार्टीला लस बाधली, म्हणून गप्प बसवली. फुटबॉलवाले एरिक्सन, अगुएरो, सगळे त्याच माळेतले. बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनला १९९३ मध्ये जुगारापायी गुपचूप बंदी घातली आणि नाव दिलं निवृत्तीचं. डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा.’

सावंत काका (९:०३): तुमच्यापैकी खेळातल्या माणसांनी सांगा, कितपत खरं?

तांबे, सेक्रेटरी (९:०५): सूचना: वरची टाकी आज ११ ते १ धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

परब वहिनी, ए-२०२ (९:०८): एरिक्सन खंय निवृत्त झालो? २०२४च्या युरोत स्लोव्हेनियाविरुद्ध गोल मारल्यान मां!

मेधा, बी-२०१ (९:१४): वहिनी बरोबर. आणि त्याच्या क्लबने तेव्हाच सांगितलं होतं की त्याने लस घेतलेलीच नव्हती. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना तो मैदानात कोसळला. हृदय थांबलं होतं, तिथेच शॉक देऊन सुरू केलं. नंतर छातीत आयसीडी बसवला. काडेपेटीहून जरा मोठी डबी, गळपट्टीच्या हाडाखाली, आणि तिची वायर हृदयात. ठोके भलतेच बिघडले की डबी आतूनच शॉक देते.

फॉरवर्डवाल्यांनी अर्धवट उचललेली गोष्ट पुढची आहे. इटलीत आयसीडी असलेल्याला लीगमध्ये खेळायची परवानगी नाही, म्हणून तिथल्या इंटर क्लबबरोबरचा त्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये संपवला. इंग्लंडमध्ये तसा सरसकट नियम नाही, हृदयतज्ज्ञ त्या खेळाडूपुरतं ठरवतात. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या ब्रेंटफर्ड क्लबने घेतला. माणूस एक, डबी तीच, दोन देशांत दोन निकाल.

सावंत काका (९:१६): आणि अगुएरो?

मेधा (९:२१): तो मात्र खरंच हृदयामुळे थांबला. ३० ऑक्टोबर २०२१ ला अलावेसविरुद्ध छाती धरून बाहेर आला, ठोक्यांची लय बिघडल्याचं निदान झालं, १५ डिसेंबरला ३३ व्या वर्षी निवृत्ती. कारण जाहीर आहे, लपवलेलं काही नाही. लसीनंतरचा हृदयाचा दाह ही खरी गोष्ट आहे, पण दुर्मीळ. तो बहुतेक वेळा डोसनंतर आठवडाभरात दिसतो आणि तरुण मुलग्यांत जास्त. म्हणून कोणी असा दावा केला की पहिला प्रश्न डोसची तारीख काय आणि त्रासाची तारीख काय. फॉरवर्डमध्ये दोन्ही नाहीत.

केळकर सर, सी-३०३ (९:३०): बार्टीचं मी सांगतो. २३ मार्च २०२२ ला जाहीर केलं, तेही पत्रकार परिषद न घेता, आपली जुनी दुहेरीची जोडीदार केसी डेलाक्वाशी बोलताना, इन्स्टाग्रामवर. दोनच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियन ओपन एकही सेट न गमावता जिंकली होती. म्हणून लोकांना धक्का. पण आधीचं वर्ष बघा. मार्च २०२१ मध्ये घर सोडलं ते यूएस ओपन संपेपर्यंत परतच नाही, कारण ऑस्ट्रेलियात शिरलं की दोन आठवडे विलगीकरण. जूनमध्ये फ्रेंच ओपनला कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने दुसऱ्या फेरीतच सामना सोडला. पाच आठवड्यांत विम्बल्डन जिंकली. सप्टेंबरनंतर त्या वर्षी एकही स्पर्धा नाही. २०२२ मध्ये इंडियन वेल्स आणि मायामीतून आधीच माघार. याला ‘अचानक’ म्हणतो तो फक्त अंतिम सामने बघणारा.

आणि हे तिचं पहिलं सोडणंही नव्हतं. २०१४ मध्ये टेनिस बाजूला ठेवून ती ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली. टेनिसमध्ये परतल्यावर २०१६ च्या अखेरीस ३२५ वा क्रमांक, २०१७ च्या अखेरीस १७ वा.

अनिकेत, बी-४०२ (९:३८): सर, रँकिंगचा मुद्दाही सांगा, तो पक्का आहे.

केळकर सर (९:४४): हो. टेनिसमध्ये गुण ५२ आठवडे टिकतात. खेळाडू दुखापतीने किंवा बंदीने घरी बसला तर नाव यादीत राहतं आणि गुण आठवड्या-आठवड्याला गळत जातात, नारळाच्या झावळ्यांसारखे, एकेक. बार्टीने आपलं नावच काढून टाकायला सांगितलं. ४ एप्रिल २०२२ च्या सोमवारी श्वियाँतेक नंबर एक आणि बार्टी यादीतच नाही. जुस्टिन एनानने १४ मे २००८ ला हेच केलं होतं, तीही २५ वर्षांची आणि नंबर एकवर, फ्रेंच ओपन तोंडावर असताना. परत यायचं मनात असलेला माणूस स्वतःचे गुण असे फेकत नाही. एनान २०१० मध्ये परतली तेव्हा ऑस्ट्रेलियन ओपनला वाइल्ड कार्ड (रँकिंगशिवाय आयोजकांनी दिलेला प्रवेश) घ्यावं लागलं. थेट अंतिम फेरी गाठली, तो भाग वेगळा.

परब वहिनी (९:४७): पण गुपचूप बंदी असता असा मी पण ऐकलंय. ता खोटा?

अनिकेत (९:५८): वहिनी, ते हवेतून आलेलं नाही. विम्बल्डन २०१३, मारिन चिलिच. दुसऱ्या फेरीआधी गुडघ्याचं कारण देऊन माघार. पुढे कळलं की डोप चाचणीच्या नमुन्यात निकेथामाइड हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं होतं (औषधाच्या दुकानातल्या ग्लुकोजच्या गोळ्यांतून) आणि तात्पुरती बंदी त्याने आपणहून स्वीकारली होती. ९ महिन्यांची शिक्षा लवादाने ४ वर आणली. तेव्हाच्या नियमात निकाल लागेपर्यंत तात्पुरती बंदी जाहीर करायची नाही असं होतं, म्हणून गुडघा पुढे करता आला. टीका झाल्यावर २०१६ मध्ये टेनिसने तो नियम बदलला.

पण तेव्हाही गुपित राहायचं ते निकालापर्यंतच. दोषी ठरला की नाव जाहीर. ‘आयुष्यभराची गुपचूप बंदी’ अशी वस्तू त्या नियमातही नव्हती.

सावंत काका (१०:०१): मग टेनिसच्या सिनरचं पाच महिने कळलं नाही ते कसं?

अनिकेत (१०:०९): बरोबर पकडलंत काका. तात्पुरत्या बंदीवर १० दिवसांत अपील केलं आणि ती उठली, तर जाहीर करत नाहीत. सिनरचे मार्च २०२४ चे दोन नमुने पॉझिटिव्ह, दोन्ही वेळा बंदी लगेच उठली, बातमी ऑगस्टमध्ये जाहीर झाली. त्यावर भांडायला जागा आहे, मलाही ते पटत नाही. पण तो त्या काळात खेळत होता. फॉरवर्डचा दावा उलटा आहे, की बंदी लपवायला निवृत्ती घेतली. तिथे हिशेबच बसत नाही. प्रकरण सुरू असताना निवृत्ती घेतली तरी प्रकरण बंद होत नाही. आपणहून घरी बसलेला काळ शिक्षेतून वजा होत नाही. बंदीत असताना निवृत्त होऊन परत यायचं तर उरलेली बंदी किंवा ६ महिन्यांची लेखी पूर्वसूचना, यातलं जे जास्त ते भरावं लागतं, आणि त्या काळात चाचणीला हजर राहायचं. म्हणजे निवृत्तीने सुटका काहीच नाही, उलट वेळ वाया.

मेधा (१०:१२): नमुना दाबता येत नाही का मधल्यामध्ये? लोक तेच विचारतात.

अनिकेत (१०:२४): एका माणसाला कठीण आहे. चाचणीचा निरोप दिल्या क्षणापासून चाचणीवाल्यांच्या सोबत्याची नजर खेळाडूवर. सीलबंद भांड्यांतून भांडं खेळाडूने स्वतः निवडायचं. किमान ९० मिली लघवी. आधी बी बाटलीत ३०, मग ए बाटलीत ६०, ओततो खेळाडूच. भांड्यात मुद्दाम थोडी ठेवायची, तिची घनता बघतात. ९० ते १५० मिलीच्या नमुन्यात ती १.००५ च्या खाली आली तर नमुना फार पातळ, दुसरा द्यावा लागतो. इथेच बरेच जण अडकतात, घाईने दोन बाटल्या पाणी पितात आणि मग तासन्‌तास बसून राहतात. झाकण एकाच दिशेने फिरतं, टकटक आवाज करत, उलटं उघडत नाही. प्रयोगशाळेत नाव जात नाही, फक्त आकडा. निकाल मात्र चाचणी घेणाऱ्या संस्थेबरोबरच ‘वाडा’लाही (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) जातो. एकाने दाबला तर दुसऱ्याच्या टेबलावर आहेच. नमुना १० वर्षं ठेवून पुन्हा तपासता येतो, निवृत्त झालात तरी.

केळकर सर (१०:३१): जॉर्डन राहिला. तिथे डोपचा संबंध नाही, जुगाराचा. जुगार तो खेळायचा हे खरं. ऑक्टोबर १९९२ मध्ये कोर्टात शपथेवर कबूल केलं की ५७ हजार डॉलरचा चेक जुगारातल्या देण्याचा होता. बास्केटबॉल लीगने चौकशी केली, नियमभंग सापडला नाही. जुलै १९९३ मध्ये वडिलांचा खून झाला. ६ ऑक्टोबरला निवृत्ती. त्याच पत्रकार परिषदेत परतण्याबद्दल बोलताना ‘कमिशनरने (लीगच्या प्रमुखाने) येऊ दिलं तर’ अशा अर्थाचं काही तो बोलून गेला, आणि त्या एका वाक्यावर तीस वर्षं इमले चढताहेत.

आता परतीची तारीख बघा. १८ मार्च १९९५. बंदी संपली म्हणून? तेव्हा तो बेसबॉल खेळत होता. ऑगस्ट १९९४ पासून बेसबॉलमध्ये संप होता, मालक बदली खेळाडू घेऊन हंगाम सुरू करायच्या बेतात होते, आणि त्याला संपफोड्या म्हणून उतरायचं नव्हतं. १० मार्चला बेसबॉल सोडलं, आठ दिवसांत आपल्या जुन्या बास्केटबॉल संघात, बुल्समध्ये. संपाची तारीख काही बास्केटबॉलच्या कमिशनरने ठरवली नव्हती.

परब वहिनी (१०:३४): म्हंजे ह्या फॉरवर्डात खरा काय, तर अगुएरो.

मेधा (१०:३५): आणि त्यातही लस नाही.

तांबे, सेक्रेटरी (१०:४०): टाकीवाले आलेत. चर्चा उत्तम, पण नळ बंद ठेवा.

सावंत काका (१०:४३): इथला काढून टाकतो. पण शुक्रवारी रात्री ९ वाजता माहेरच्या… म्हणजे हिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलाय. आता निघेल का?

अनिकेत (१०:४९): निघेल काका. सगळ्यांसाठी डिलीट करायला ६० तास मिळतात, म्हणजे सोमवारी सकाळी ९ पर्यंत. दुरुस्त करायला जाऊ नका, त्याला १५ मिनिटंच असतात आणि फॉरवर्ड आलेला मजकूर तसाही बदलता येत नाही. मेसेज दाबून धरा, कचऱ्याच्या डब्याचं चित्र, मग ‘सगळ्यांसाठी डिलीट करा’. तिथून कोणी पुढे पाठवला असेल तर तो राहणार. दोन बाण दिसत होते ना, म्हणजे तुमच्यापर्यंत येईतो किमान पाच हातांतून फिरलेला होता.

सावंत काका (११:१०): केला डिलीट. आता तिकडे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ असं दिसतंय आणि मेव्हणा विचारतोय, भावोजी, काय लपवताय, कोणी सांगितलं काढायला?

परब वहिनी (११:११): घ्या!