पदवीशिवाय सॉफ्टवेअर क्षेत्रात जायचे आहे, सल्ला हवा

खानापूरकर:
नमस्कार. विज्ञान शाखेतून पीयूसी (बारावी) झाल्यावर घरच्या अडचणीमुळे माझे शिक्षण थांबले. सध्या बेळगावला उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये स्टोअर सांभाळतो आणि रात्री पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतो. थेट नोकरी शोधावी की आधी पदवी पूर्ण करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीची ताई:
मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत बहुधा पदवीची आणि टक्केवारीची अट असते, म्हणून तिथे वेळ घालवू नका. लहान कंपन्यांत मात्र तुम्ही काय बनवले आहे, हे पाहणारी माणसे भेटतात, आणि बनवण्याजोगे काम तुमच्या समोरच आहे. फाउंड्रीतून किती कास्टिंग आले, मशीनिंग होऊन किती गेले, किती रिजेक्ट झाले आणि कोणत्या चलनावर (माल पाठवताना काढतात त्या पावतीवर) गेले, हे तुम्ही रजिस्टरमध्ये लिहीत असाल. त्याचाच प्रोग्रॅम तयार करा आणि मालकांना रोज वापरायला द्या. चुकलेली नोंद पुसायची की जुनी ठेवून दुरुस्ती जोडायची, दोघांनी एकाच वेळी चलन काढले तर तोच क्रमांक दोनदा पडू नये यासाठी काय करायचे, हे प्रश्न वापर सुरू झाल्यावरच पुढे येतात. मुलाखतीतही असेच खोदून विचारतात, आणि ज्याने ते स्वतः सोडवले आहेत त्याला उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. मालकांची परवानगी घेऊन, ग्राहकांची नावे व खरे आकडे वगळून, तो कोड गिटहबवर, म्हणजे इतरांना कोड पाहता येतो त्या संकेतस्थळावर, ठेवा.

निपाणीकर:
ताईंशी सहमत आहे, पण पदवीचा विचार सोडू नका. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधील ऑनलाइन पदवी 2020 साली बीएस्सी म्हणून जाहीर झाली, आता ती बीएस आहे. तिला जेईई लागत नाही, मात्र पात्रता परीक्षा द्यावी लागते. नोकरी सांभाळून ती करता येते आणि उत्पन्नानुसार शुल्कात सवलतही आहे. पुढे अमेरिकेत जायचे झाल्यास एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, आणि तिथे तीन वर्षांचा अनुभव महाविद्यालयाच्या एका वर्षाइतका धरतात. चार वर्षांच्या पदवीची भरपाई केवळ अनुभवाने करायला किती काळ जाईल, याचा हिशेब आजच करावा.

खानापूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. मालकांशी बोलून चलनापासूनच सुरुवात करतो. ताई, पायथॉनमध्ये वेब प्रोग्रॅम बनवायच्या तयार चौकटींपैकी (फ्रेमवर्क) जँगो घ्यावे की फ्लास्क?

टिळकवाडीची ताई:
जँगो घ्या. लॉगिन आणि नोंदी भरण्याची ॲडमिन पाने त्यात तयार मिळतात, त्यामुळे तुमचा सगळा वेळ चलनाच्या हिशेबाला देता येईल.