बाजू दुप्पट, तर क्षेत्रफळ चौपट: मुलीला कसे समजवावे?

प्रश्न (यावल): माझी मुलगी आठवीत आहे. आयताची लांबी-रुंदी दुप्पट केली की परिमिती दुप्पट होते, हे तिला पटते. परंतु क्षेत्रफळ चौपट होते हे ती नुसते पाठ करते आणि उदाहरणात पुन्हा दुप्पटच लिहून येते. सूत्रांपलीकडचा एखादा मार्ग कृपया सुचवावा.

उत्तर (रावेर): भाऊ, तिला केळीच्या बांधावर न्यावे. लागवड ५ बाय ५ फुटांवर धरली, तर १०० बाय ५० फुटांच्या तुकड्यात २० खोडांच्या १० ओळी, म्हणजे २०० खोडे बसतात आणि कुंपणाला तारेचा एक फेरा ३०० फूट लागतो. आता तुकडा २०० बाय १०० फुटांचा धरा. तार ६०० फूट लागेल. खोडे मात्र ८०० होतील, कारण प्रत्येक ओळ ४० खोडांची झाली आणि ओळीही २० झाल्या. ओळीची लांबी व ओळींची संख्या ही दोन्ही वाढतात, हे तिने स्वतः मोजून पाहिले पाहिजे; तार बिचारी फक्त कडेने फिरते. बाजू तिप्पट केल्या तर तार ९०० फूट आणि खोडे १८००.

उत्तर (चोपडा): यात एक सावधगिरी हवी. फक्त लांबी दुप्पट केली, तर खोडे ४०० होतात आणि तार ५०० फूटच लागते. म्हणून दोन्ही बाजू एकाच पटीत वाढवल्या आहेत का, हे आधी तपासायला शिकवावे.

उत्तर (शिरपूर): उलटा प्रश्नही अवश्य विचारावा. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, मग दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू किती? मुले हमखास ६६ म्हणतात, पण ते चार गुंठे होतात. खरी बाजू ३३ गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४६ फूट ८ इंच येते. वाकड्यातिकड्या आकारालाही हेच लागू आहे, कारण आत कल्पिलेली प्रत्येक बारीक चौकट मोठी होताना चार चौकटींची जागा घेते. भाकरीचा व्यास दुप्पट केला आणि जाडी तीच ठेवली, तर पीठ चौपट लागते, हे तिच्या आईला विचारावे.

प्रश्नकर्ता: सर्वांचे मनापासून आभार. पावसामुळे शेतात जाता आले नाही, म्हणून ओट्यावर तुरीचे दाणे मांडले. ६ दाण्यांच्या ४ ओळी झाल्यावर, दोन्हीकडे दुप्पट केल्यास किती दाणे लागतील याचे उत्तर तिने ४८ लिहिले. मांडता मांडता चौथ्या ओळीलाच ४८ दाणे संपले, तेव्हा तिने आकडा खोडून ९६ केला आणि बाजू निम्म्या केल्या तर काय होईल, हे पाहण्यासाठी ३ दाण्यांच्या २ ओळी स्वतःहून मांडल्या.