फीडबॅकला मराठीत काय म्हणावं? (लाइव्ह अल्बमवर लिहिताना अडलोय)

अर्धासूर
एका इंडी बँडचा लाइव्ह अल्बम महिनाभर कानाला लावून बसलोय. त्यावर चार पानं लिहायची ठरवली होती, तीन झाली, चौथं शेवटच्या गाण्यापाशी अडलंय. गाणं संपतं. ड्रमवाला थांबतो. गायक माइकपासून बाजूला होऊन काहीतरी बोलतो, ते नीट कळत नाही, पण कुणीतरी हसतं. गिटारवाला मात्र गिटार अँपसमोर, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीसमोर, धरून तसाच उभा. जो आवाज सुरू होतो तो बावन्न सेकंद चालतो. आधी बारीक, मग भरदार, मग एकदम वरच्या सुरात उडी. तिसाव्या सेकंदाच्या आसपास समोरची गर्दी त्याच सुरात 'ओ' लावते. तिथून पुढे गिटार कुठली आणि माणसं कुठली, हे मला अजून सांगता येत नाही.

या आवाजाला इंग्रजीत फीडबॅक. माझी टिपणं इंग्रजीत होती, ती आळसापोटी भाषांतराच्या यंत्रात घातली. बाहेर आलं ते असं: 'शेवटी गिटारवादक बराच वेळ अभिप्राय देत राहतो आणि प्रेक्षक त्याला दुजोरा देतात.' बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग काय ठरलं शेवटी त्यांचं?"

शब्द सुचवा. 'अभिप्राय', 'प्रतिसाद' सोडून.

शुद्धमती
'पुनर्भरण'. अँपमधून निघालेला ध्वनी गिटारमध्ये पुन्हा भरला जातो, म्हणून पुनर्भरण. अर्थ चोख, शब्द आपला. अडण्यासारखे काय आहे?

वाचनमात्र
ताई, पुनर्भरण विहिरीचं करतात. 'त्याने बावन्न सेकंद पुनर्भरण केले' असं वाचलं की मला गिटारवाला पाइप घेऊन उभा दिसतो.

साउंडवाला
पंचवीस वर्षं मिक्सरमागे उभा आहे, म्हणून बोलतो. आमच्यात कुणी पुनर्भरण म्हणत नाही आणि अभिप्रायही म्हणत नाही. "माइक शिट्टी मारतोय" म्हणतात. जाड आवाज असेल तर "हूं करतोय". आयोजक धावत येतो तो "अहो, ते कुईं बंद करा" म्हणत येतो.

पण अर्धासूर, तुमची गोष्ट वेगळी आहे. माइकची शिट्टी हा अपघात, गिटारवाला करतो ते मुद्दाम. अँपच्या स्पीकरचा आवाज तारेला हलवतो, तार हलली की पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक, ते उचलतो, परत अँपकडे पाठवतो, अँप वाढवून बाहेर टाकतो, तार आणखी हलते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की तार न छेडता सूर टिकतो. तो दोन पावलं पुढे सरकला किंवा गिटार जरा तिरपी केली की सूर वरच्या स्वरांशावर, म्हणजे त्याच सुरात दडलेल्या वरच्या सुरावर, उडी मारतो. तुम्ही म्हणता ती 'उडी' तीच. म्हणजे तो नुसता उभा नाही, त्याचे पाय वाजवतायत.

अर्धासूर
'पाय वाजवतायत' उचलतो, परवानगी गृहीत धरून.

घोरपड
शब्द शोधायलाच नको, आहे: घुमणं. गिटार घुमते. अंगात आलेला माणूस घुमतो तसंच. कुणी छेडत नाही, थांबवताही येत नाही, आतून आपोआप चालतं. आणि घुमट हा शब्दही यातूनच आला, आत आवाज घुमतो म्हणून.

शुद्धमती
घुमटाचा घुमण्याशी संबंध नाही. फारसी गुंबद, त्याचा घुमट. आधी परका शब्द ओळखा, मग त्याला आपला म्हणा.

घोरपड
मग गुंबदच्या ग चा घ कुणी केला? ज्याने केला त्याच्या कानात घुमणंच असणार. उगाच होतो का घ?

शुद्धमती
याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत, याला इच्छा म्हणतात.

त्रिज्या
भांडण मजेशीर आहे, पण 'लाइव्ह अल्बम' या शब्दाला कुणीच हात लावला नाही. लाइव्हला आपण 'थेट' म्हणतो, थेट प्रक्षेपण वगैरे. पण थेट म्हणजे तिथून निघालं ते मध्ये न थांबता इथे आलं. अल्बम कुठला थेट? दोन वर्षांपूर्वी वाजवलेलं, मग मिक्स केलेलं, मग विकलेलं. 'थेट अल्बम' म्हणजे शिळं असून ताजं म्हणवणं. आणि 'जिवंत अल्बम' म्हटलं तर बाकीचे मेलेले का?

वाचनमात्र
काही असतात.

शुद्धमती
'मैफलीचे ध्वनिमुद्रण'. संपले.

त्रिज्या
नाही संपत. मुळात या शब्दाची गरज का पडली बघा. बोलपट येईपर्यंत मूकपटाला कुणी मूकपट म्हणत नव्हतं. बोलका आल्यावर आधीच्याला नाव द्यावं लागलं. तसंच रेकॉर्ड येण्याआधी सगळंच गाणं लाइव्ह होतं, म्हणून कुठल्याच भाषेला तो शब्द लागला नाही. आणि आता लाइव्हचीच रेकॉर्ड. म्हणजे मूकपटाचा बोलपट केल्यासारखं. शब्द गडबडणारच.

शिवाय लाइव्ह किती लाइव्ह हा प्रश्न आहेच. थिन लिझी या रॉक बँडच्या १९७८ च्या लाइव्ह अल्बमबद्दल त्यांचा निर्माता म्हणाला, पाऊण भाग नंतर स्टुडिओत वाजवलेला आहे. बँडच्या बाजूने ते साफ नाकारलं गेलं.

साउंडवाला
गर्दीसाठी वेगळे माइक लावतात हे धरूनच ऐका. अर्धासूर, तुमची ती 'ओ' वाली गर्दी कुणीतरी मिक्सरवर बोटाने वर ढकललेली, म्हणजे मोठी केलेली, असू शकते. तिसाव्या सेकंदाला सगळे एकदम मोठे होतात, की हळूहळू?

अर्धासूर
असं नका सांगू हो.

शुद्धमती
'मैफल'वर आक्षेप काय ते कुणी सांगितले नाही.

घोरपड
आक्षेप असा की आपले सगळे शब्द बसलेले आहेत. जलसा हा अरबी शब्द, मूळ अर्थच बसणं. मजलिसही त्याच घरातली. बैठक तर उघडच. मैफलीचं मूळ नुसतं 'जमणं' आहे, ते मान्य, पण मराठीत मैफल म्हटलं की डोळ्यांपुढे मांडी येते. या अल्बमवर लोक उभे आहेत, एकमेकांच्या पायावर पाय देतायत. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मध्ये कुणाचा तरी "अरे सरक" छाप ओरडा नक्की असणार.

अर्धासूर
आहे! भाषा वेगळी आहे, पण सूर तोच. त्याच जागी गिटारवाला तार लावतोय, खुंटीची करकर येते, कुणीतरी खोकतं, आणि मग ड्रमच्या काठ्यांचे चार ठोके. स्टुडिओच्या अल्बमात हे सगळं कापून टाकलं असतं. मला तर गाण्यांपेक्षा ती अकरा सेकंदं पाठ आहेत.

घोरपड
बघा. म्हणून गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, मैफल म्हणू नका. गिगला मराठीत धंद्यातला शब्द आहे: सुपारी. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो तेव्हा "शनिवारी सुपारी आहे, दोन तासांत उरकू" असं फोनवर बोललो, तर शेजारचा प्रवासी उठून पलीकडे जाऊन बसला.

वाचनमात्र
'बँडच्या गाजलेल्या सुपारीचा अल्बम.' घ्या, मथळा मिळाला.

शुद्धमती
थट्टा चालू द्या. महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसले असतील. आज त्यांवाचून तुमचे पान हलत नाही. शब्द वापरल्याने रुळतो. पुनर्भरण वापरून तर पाहा.

त्रिज्या
फाउंटन पेनची 'झरणी' पण त्यांचीच ना? तीही वापरून पाहिली लोकांनी.

शुद्धमती
झरणी पेनाबरोबर गेली. दोष शब्दाचा नव्हे.

त्रिज्या
हे आवडलं, पण पटलं नाही. आमच्या वर्गात पेन शेवटपर्यंत होतं आणि झरणी एकदाही नव्हती.

नवखा
मध्येच विचारतो, माफ करा. एन्कोरला 'वन्समोअर' चालेल ना? मीही अशाच एका अल्बमवर लिहितोय.

त्रिज्या
नाही चालणार, आणि कारण गमतीचं आहे. संगीत नाटकात वन्समोअर म्हणजे तेच पद पुन्हा. रॉक बँडचा एन्कोर म्हणजे आत जायचं, टाळ्या ऐकायच्या, परत यायचं आणि वेगळी गाणी वाजवायची. ती गाणी आधीच यादीत लिहिलेली असतात. तेच गाणं पुन्हा वाजवलं तर लोक गोंधळतील. गंमत म्हणजे एन्कोर हा फ्रेंच शब्द, पण खुद्द फ्रेंच लोक 'बिस' ओरडतात, लॅटिनमधलं 'दोनदा'. इंग्रज फ्रेंच ओरडतो, फ्रेंच लॅटिन ओरडतो, आपण इंग्रजी ओरडतो. स्वतःच्या भाषेत कुणीच मागत नाही.

नवखा
मग काय लिहू?

वाचनमात्र
'पुन्हा आले.' दोन शब्द. पुढच्या प्रश्नाकडे वळू.

साउंडवाला
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण रात्री झोप येईना. हा आवाज चूक नसून वाद्य आहे, हे कळायलाही लोकांना वेळ लागलाय. बीटल्सचं १९६४ चं 'आय फील फाइन' अशाच घुमणाऱ्या एका सुराने सुरू होतं. पुढे १९९१ मध्ये नील यंगने 'आर्क' काढला, सुमारे पस्तीस मिनिटांचा एकच तुकडा. त्याच्या कार्यक्रमांमधले गाण्यांचे शेवट आणि फीडबॅक जोडून केलेला. म्हणजे तुमची बावन्न सेकंदं, पण पस्तीस मिनिटं. आमच्या हिला ऐकवला. तिने पंखा तपासला.

आणि 'द हू' या रॉक बँडच्या १९७० च्या लाइव्ह अल्बमच्या लेबलवर छापलेलं होतं की खरखर आहे ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. आमच्या धंद्यात कुणी असं लिहून दिलं तर मी त्याच्या पाया पडेन.

घोरपड
खरखर, करकर, कुईं, हूं, घूं. शब्द समोर पडलेत. मराठीचा कान चांगला आहे, तुम्ही तिचं डोकं खाताय. 'गिटार घूं करत राहिली.' बास.

शुद्धमती
'घूं' हा शब्द की आवाज?

घोरपड
आवाजाचाच शब्द हवा होता ना?

शुद्धमती
मग निदान 'गुंजारव' घ्या. नाद आहे, अर्थ आहे, परंपरा आहे.

साउंडवाला
ताई, गुंजारव भुंग्याचा. शंभर वॅटच्या अँपसमोर भुंगा टिकणार नाही.

त्रिज्या
आणि तो गर्दीचा 'ओ'? त्याला शब्द कुणी दिलाच नाही. शिवाय अर्धासूरने पहिल्याच पोस्टमध्ये यंत्राचे 'प्रेक्षक' तसेच सोडलेत. तिथे उभे होते ते प्रेक्षक ठीक, पण अल्बमवर ते कुठे दिसतात? आणि आपण घरी बसून ऐकणारे श्रोते. एकाच वाक्यात दोघं आले की काय करायचं?

अर्धासूर
सगळ्यांचं वाचलं. चौथं पान असं झालंय:

'गाणं संपल्यावरही गिटार घुमत राहते. तो तार छेडत नाही, त्याचे पाय वाजवतायत. मग गर्दी तिच्या सुरात सूर मिळवते, आणि पुढे कोण घुमतंय ते कळत नाही.'

फीडबॅक हा शब्द एकदाच, पहिल्या पानावर ठेवलाय. गर्दीला गर्दीच म्हटलंय. साउंडवाले, तिसावं सेकंद पुन्हा ऐकलं. हळूहळू मोठे होतात. एक बाई आधी लावते, मग बाकीचे.

शुद्धमती
'घुमत राहते' वाईट नाही. पण पहिल्या पानावर कंसात तरी पुनर्भरण द्या.

साउंडवाला
एक बाई आधी लावते म्हणजे खरं आहे. तसं कुणी बोटाने करत नाही.

नवखा
एवढं सगळं झालं, पण बँडचं नाव काय?

घोरपड
ते नंतर. आधी घुमटाचं मिटवा.