अबॅकसच्या मण्यांचा हाक्का पदार्थ : अळकुड्या चालतील का?

प्रश्न (कोथरूडकर): सिंगापूरला असताना शेजारच्या हाक्का (मूळचा चीनमधला एक समाज) कुटुंबाने चिनी नववर्षाच्या जेवणात आम्हाला ‘सुआन पान झी’ वाढले होते. टॅरोच्या (अळूच्या) कंदाचे, अबॅकसच्या मण्यांसारखे हे गोळे घरात बरकत यावी म्हणून करतात. काल मंडईतल्या अळकुड्या उकडून, टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याचे पिठूळ सत्त्व) घालून मी तो प्रयोग केला. परंतु पीठ बोटांना असे चिकटले की मणी वळलेच नाहीत. काय चुकले असावे?

उत्तर (सुगरण): अळकुडी टॅरोच आहे, मात्र या पदार्थासाठी मोठा, पिठूळ कंद घेतात, आणि आपली लहान अळकुडी बुळबुळीत असते. ती उकडण्याऐवजी वाफवावी, म्हणजे पाणी धरत नाही, आणि गरम असतानाच कुस्करून स्टार्च मिसळावा, कारण त्या उष्णतेने स्टार्च किंचित शिजून गोळा एकसंध होतो. हाताला तेल लावावे. प्रत्येक मण्याला अंगठ्याने आणि तर्जनीने दोन्ही बाजूंनी खळगा पाडावा. उकळत्या पाण्यात मणी तरंगले की काढून सुके झिंगे, खिमा आणि मश्रूमबरोबर परतावेत. (आपल्याकडच्या गाड्यांवरील ‘हाक्का नूडल्स’ हा वेगळा पदार्थ आहे.)

शंका (सदाशिव पेठ): स्टार्चऐवजी साबुदाणा दळून घातला तर?

उत्तर (सुगरण): दोन्ही टॅपिओकाचेच, तरी साबुदाणा बनवतानाच अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे तसा चिवटपणा येत नाही. शाकाहारी करायचे असल्यास झिंगे आणि खिमा वगळून मश्रूम वाढवा.