सोलरचं पाणी संध्याकाळी कडक, पहाटे गार. नेमकं काय बघू? (धुळे)

देवपूरची सून:
नमस्कार मंडळी. घर धुळ्यात, देवपुरात. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, काचेच्या नळ्यांचा, २० नळ्या. इतकी वर्षं कुरकुर नव्हती. दिवाळीनंतर मात्र याचं तंत्र बिघडलंय. संध्याकाळी भांड्यांना पाणी घ्यावं तर हात पोळतो, आणि पहाटे पाचला सासऱ्यांच्या अंघोळीला नळ सोडावा तर जेमतेम कोमट. अर्धी बादली भरेपर्यंत तेही गार. आबांना अंघोळ पहाटेच लागते, त्यात तडजोड नाही. कृषी महाविद्यालयात पारा सातवर आल्याचं पेपरात छापून येतं त्या दिवशीसुद्धा नाही. मग मी गॅसवर पातेलं चढवते आणि सिलिंडर महिना गाठत नाही.

नळ्या पुसून झाल्या, सगळ्या शाबूत आहेत. ज्यांच्याकडून सोलर घेतला त्यांचा माणूस येऊन गेला. "ताई, थंडीत असंच चालतं" म्हणाला आणि बॅकअप हीटरचं कोटेशन ठेवून गेला. थंडी काय यंदा पहिल्यांदा पडली का धुळ्यात?

पाणी बोअरचं आहे, बऱ्यापैकी जड. अजून एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही: सकाळी तुळशीला पाणी घालायला वर जाते तेव्हा सोलरच्या टाकीवर जी उभी नळी असते तिच्याखाली फरशी ओली दिसते.

चोपड्याचा नाना:
तुमना सूर्य थंडा पडी गया का ताई? 😄
आमच्याकडे तांब्याचा बंब आहे, अजून चालू. शेतातल्या पऱ्हाट्या घातल्या की वीस मिनिटांत पाणी उकळतं. ना नळी ना कोटेशन. निखाऱ्यावर वांगं टाकलं की भरीतही होतं.

देवपूरची सून:
नाना, पऱ्हाट्या तुम्ही आणून द्या. शेजारच्यांना धुराचं उत्तरही तुम्हीच द्या.

रावेरकर:
बोअरचं पाणी म्हणजे क्षार. नळ्यांच्या बुडाशी पांढरा चुरा साचला असणार. संडास धुवायचं ॲसिड बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता, रात्रभर ठेवा, सकाळी सोडून द्या. आम्ही तेच करतो.

शहादेकर:
सावली बघितली का? आपल्या खान्देशात २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य भर दुपारीसुद्धा साधारण ४५ अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेला दहा फुटी भिंत असेल तर तिची सावली ऐन बाराला दहा फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर खोली बांधली. उन्हाळ्यात काही फरक पडला नाही, पण डिसेंबरात निम्म्या नळ्या अंधारात.

अमळनेरचा फिटर:
रावेरकर दादा, ते ॲसिड टाकीत अजिबात नको. संडासाच्या ॲसिडात क्लोराइड असतं. आतली टाकी स्टीलची असेल तर त्यानं बारीक भोकं पडतात, आणि तीही वर्षभरानं दिसतात. तोवर कोणी काय ओतलं होतं ते सगळे विसरलेले असतात. क्षार काढायचेच तर एकेक नळी उतरवून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं धुवायची.

पण ताईंचं दुखणं क्षाराचं नाही. सावलीचंही नाही. त्यांनी स्वतःच लिहिलंय: संध्याकाळी हात पोळतो. म्हणजे पाणी तापतंय. नळ्या चोंदल्या असत्या किंवा सावली असती तर संध्याकाळीही कोमटच मिळालं असतं. तापलेलं पाणी रात्रीतून कुठे जातंय, एवढंच शोधायचं आहे. चांगल्या पफच्या (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमच्या) टाकीत रात्रभरात पाणी थोडं निवतं, पण पोळणारं पाणी पहाटे कोमट झालं तर ते नुसतं निवलं नाही, त्यात गार पाणी घुसलंय.

आता ती ओली फरशी. ती उभी नळी म्हणजे एअर व्हेंट, हवा आणि वाफ निघून जायला ठेवलेली. दुपारी पाणी तापून फुगतं तेव्हा थोडं टपकलं तर चालतं. रात्री मात्र पाणी निवतं, आकसतं, तेव्हा ओघळायचं काही कारण नाही. रात्री ओघळतंय म्हणजे कोणीतरी खालून टाकीत पाणी ढकलतंय.

ताई, दोन प्रश्न. दिवाळीच्या सुमाराला घरात नळाचं काही नवीन काम झालं का? आणि घरात प्रेशर पंप आहे का?

देवपूरची सून:
अगं बाई! दोन्ही. दिवाळीत वरच्या मजल्यावर दिरांचं नवीन बाथरूम झालं. शॉवरला जोर हवा म्हणून तेवढ्या बाथरूमच्या गार लाइनवर छोटा ऑटोमॅटिक पंप बसवलाय. जाऊबाई म्हणतात तो रात्री मध्येच घुर्रकन वाजतो आणि बंद होतो, कोणी नळ सोडलेला नसतानाही. आम्हाला वाटलं नवीन आहे, बसेल हळूहळू.

अमळनेरचा फिटर:
मग चोर तिथेच आहे. आधी खात्री करा. गच्चीवर सोलरमधून गरम पाणी निघतं त्या पाइपावर कॉक असेल, तो बंद करा. मग खालच्या मजल्यावर गरम नळ सोडा. पाइपातलं उरलेलं पाणी येईल आणि धार थांबली पाहिजे. थांबली नाही, तर ते पाणी सोलरचं नाही. गार लाइनमधून कुठूनतरी गरम लाइनमध्ये येतंय. असं झालं तर वरच्या बाथरूमात जाऊन मिक्सरचे, म्हणजे गरम-गार मिसळणाऱ्या नळाचे, दोन्ही खटके घट्ट बंद करा आणि खालची धार परत बघा.

देवपूरची सून:
केलं. कॉक बंद करून स्वयंपाकघरातला गरम नळ सोडला, धार चालूच, आणि वर पंप घुर्र! जाऊबाईंनी मिक्सर फिरवून बंद केला तशी इकडे धार तुटली. चहा पिणाऱ्या दिरांना तिथून उठवून दाखवलं.

मिक्सरला हातात धरायचा शॉवर आहे, त्याला बोटानं दाबायचं बटण. सगळे अंघोळ झाली की बटण सोडतात आणि निघून येतात. मिक्सर उघडाच. प्लंबरनंच तसं दाखवलं होतं, "बटण सोडलं की झालं बंद".

पण हे बटण आणि माझी पहाटेची बादली यांचा संबंध जरा उलगडून सांगा. घरात मलाच सगळ्यांना समजवायचंय.

अमळनेरचा फिटर:
मिक्सरात गरम आणि गार दोन्ही पाइप एका पोटात येतात. तोंड बंद आणि दोन्ही खटके उघडे, म्हणजे ते दोन पाइप आतल्या आत जोडले गेले. दोन्हीकडे दाब सारखा असता तर फारसं बिघडलं नसतं. तुमच्याकडे गार बाजूला पंप आहे. असा घरगुती पंप दहा मीटर उंचीच्या टाकीइतका दाब सहज देतो, आणि तुमच्या सोलरला मिळतो गच्चीवरच्या टाकीचा, जेमतेम दीड-दोन मीटरचा. त्यामुळे गार पाणी मिक्सरातून गरम पाइपात, तिथून वर सोलरच्या टाकीत. गरम पाइप टाकीच्या वरच्या अंगाला असतो, म्हणजे गार पाणी नेमकं सगळ्यात गरम थरात मिसळतं. जास्तीचं व्हेंटमधून फरशीवर. सोलरला गार पाणी देणाऱ्या पाइपावर, म्हणजे फीडवर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं सोडणारा) नसेल तर काही पाणी उलटं गच्चीवरच्या टाकीतही जातं. लाइनचा दाब उतरला की पंपाला वाटतं कोणी नळ सोडला, म्हणून ते घुर्र.

आणि पैजेवर सांगतो, दिरांना शॉवरमध्ये गरम पाणी नीट मिळतच नसणार.

देवपूरची सून:
नाहीच मिळत! ते म्हणतात सोलर जुना झालाय, नवीन घेऊ.

अमळनेरचा फिटर:
नवीन घेतला तरी तेच होईल.

आजपासून मिक्सरचे खटके बंद करायचे, बटणावर सोडायचं नाही. एवढ्यानं पहाटेचं पाणी परत येईल. पण घरात पाहुणे आले, पोरं आली की परत उघडं राहणार, म्हणून मिक्सरकडे येणाऱ्या दोन्ही पाइपांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. गरम बाजूला हलक्या झडपेचाच घ्या. स्प्रिंगवाला तिथे नको, सोलरच्या इतक्या कमी दाबाला स्प्रिंग उघडत नाही आणि धार बारीक होते. झडपेचा व्हॉल्व्ह आडव्या पाइपात बसवायचा, बाण पाण्याच्या दिशेनं.

मात्र व्हॉल्व्हनं दिरांचा शॉवर सुधारणार नाही. एका बाजूला पंप आणि दुसऱ्या बाजूला नुसती टाकी असली की गार पाणी गरमाला दाबूनच टाकणार. त्या मिक्सरच्या गार पाइपावरून पंप काढा. पंपाचा दाब सोलरच्या फीडला द्यायचा विचार कोणी सुचवला तर मुळीच ऐकू नका. व्हेंट उघडी असलेली टाकी तेवढ्या दाबासाठी केलेलीच नसते.

शहादेकर:
फिटरदादा, पण क्षारासाठी नळ्या कधीतरी बघायच्याच ना?

अमळनेरचा फिटर:
हो. नळीच्या बुडाशी चांदीसारखा आरसा असतो. तो दुधासारखा पांढरा झाला की त्या नळीची निर्वात पोकळी गेली. उन्हात हात लावलात तर चांगली नळी बाहेरून गार लागते, गेलेली गरम. तेवढीच बदलायची. नळ्या उतरवायचं काम उजाडायच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर करा. रिकामी नळी उन्हात तापलेली असताना गार पाणी शिरलं तर तडकते.

देवपूरची सून:
मिक्सर रात्री जाऊबाईंनी स्वतः बंद केला. आज पहाटे आबांच्या बादलीत वरून गार पाणी मिसळावं लागलं, आणि व्हेंटखाली फरशी कोरडी. दीर पंप काढायला अजून तयार नाहीत, शॉवरचा जोर जाईल म्हणतात. व्हॉल्व्हचं सामान मात्र आज आणते. अर्ध्या इंची पाइपाला झडपेचा व्हॉल्व्ह पितळेचा घेऊ की प्लास्टिकचा?

अमळनेरचा फिटर:
गरम बाजूला पितळेचा. बोअरचं पाणी आहे, म्हणून दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) लावून घ्या, म्हणजे क्षार बसले की पाइप न कापता काढून धुता येईल.