अल्कलाइन ग्रीन स्मूदी रोज प्यायची का? घरात एक मूतखडावाले आणि एक व्हॉल्व्हवाल्या सासूबाई आहेत

विश्रामबागकरीण
नमस्कार मंडळी. सांगलीत राहते, विश्रामबागला. गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये एका मॅडमचं आरोग्य शिबिर झालं, फुकट होतं म्हणून गेलो सगळ्याजणी. त्यांचं म्हणणं असं की चहा, चपाती, भात, डाळ ह्या सगळ्यानं रक्त अ‍ॅसिडिक होतं आणि गुडघे, पित्त, शुगर, अगदी कॅन्सरसुद्धा तिथूनच सुरू होतो. उपाय काय तर रोज सकाळी अनशेपोटी अल्कलाइन, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट गुणाची, ग्रीन स्मूदी. कच्चा पालक एक जुडी, काकडी, दुधी, कोथिंबीर, पुदिना, आलं, लिंबू आणि गोडीला केळं नाहीतर मूठभर बेदाणे. शेवटी अर्थातच हिरवी पावडर निघाली २४०० रुपयांची, ती नाही घेतली मी, पण लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी घेतली ३०० ची (हसू नका).

तीन आठवडे पितेय. आधी पट्टी पिवळट यायची, आता मस्त हिरवी येते. पोटही साफ होतंय, हलकं वाटतंय. आता घरात सगळ्यांनाच सुरू करावं म्हणतेय पण ह्यांना चार वर्षांपूर्वी मूतखडा झालेला, आणि सासूबाईंचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ व्हायची गोळी कायमची आहे. सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "हे म्हशीपुढं ठेव." तर कुणी अनुभवी असेल तर सांगा, सगळ्यांना चालेल ना? आणि पट्टी हिरवी आली म्हणजे रक्त सुधारलं असं धरायचं का?

सातारी_शेपू
ताई मी दोन वर्षं पितोय, साताऱ्यात आमच्या ग्रुपमध्ये अजिंक्यताऱ्यावर चढून आल्यावर सगळेच पितात. अल्कलाइन बिल्कलाइन मला कळत नाही पण वजन उतरलं हे खरं. आता खरं सांगायचं तर आधी मी खाली उतरल्यावर दोन वडापाव आणि कटिंग घ्यायचो, ते बंद होऊन त्या जागी हा ग्लास आला, त्यामुळं श्रेय पालकाचं का न खाल्लेल्या वडापावचं हे देवालाच माहीत.

करायची पद्धत सांगतो कारण बहुतेक लोक इथंच चुकतात. पाला आधी सुटा करून भरपूर पाण्यात बुडवून वरचेवर काढायचा, पाणी ओतलं की खाली किती माती बसते बघा, असं तीनदा. कच्चं खाणार असाल तर ह्यात कंटाळा नको, पावसाळ्यात तर मी कच्चं करतच नाही. मग मिक्सरला पाला आणि अर्धी वाटी गार पाणी एवढंच आधी फिरवायचं, गुळगुळीत झालं की मग काकडी वगैरे, नाहीतर दातात धागे येतात. गाळायचं मात्र नाही, चोथा फेकला तर मग राहिलं काय, त्या चोथ्यानंच तुमचं पोट साफ होतंय.

आणि दुधीचं एक लक्षात ठेवा, हे चेष्टेवारी नेऊ नका. चिरला की एक तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यायचा, "आलं-लिंबू टाकलं की कळत नाही" असं म्हणून प्यायचा नाही. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन गेले, त्यानंतर आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) तज्ज्ञांनीही हेच सांगितलं. काकडीचं पण तेच, देठाकडचं चाखून घ्या.

मिरज_लॅबवाला
ताई, डॉक्टर नाही मी, मिरजेत लॅबमध्ये १७ वर्षं काम करतोय, त्यामुळं जेवढं रोज बघतो तेवढंच बोलतो. जरा लांब होईल.

पट्टीचं आधी. पट्टी हिरवी आली म्हणजे रक्त बदललं नाही, किडनीनं जादा झालेलं बाहेर टाकलं एवढाच अर्थ. गटारीचं पाणी बघून टाकीत काय आहे ते सांगण्यासारखं आहे हे. लघवीचा पीएच (७ च्या खाली अ‍ॅसिडिक, वर अल्कलाइन) ४.५ पासून ८ पर्यंत कुठंही जातो, काल काय खाल्लं त्यावर. रक्ताचा मात्र ७.३५ ते ७.४५ ह्या चिंचोळ्या पट्ट्यातच राहतो. जरा अ‍ॅसिड वाढलं की फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड जास्त सोडतात, राहिलेलं काम किडनी करते. रक्ताचा पीएच बघायला मनगटातल्या धमनीतनं रक्त काढून एबीजी नावाची तपासणी करावी लागते, आणि ज्याचा खरंच ७.३५ च्या खाली उतरलाय तो माणूस बहुतेक वेळा दवाखान्यात असतो, शिबिरात खुर्चीवर बसलेला नसतो. शिवाय तुमची स्मूदी आधी पोटात जाते, तिथं १.५ ते ३.५ पीएचचं अ‍ॅसिड वाट बघत असतं, तिथं कुणाचा अल्कलाइनपणा टिकतोय.

मॅडम अगदीच खोट्या नाहीत, लिंबाचं उदाहरण घ्या. लिंबू स्वतः पीएच २ च्या आसपास म्हणजे चांगलंच अ‍ॅसिडिक, पण त्यातलं सायट्रेट शरीरात वापरलं गेलं की बायकार्बोनेट होतं आणि लघवी अल्कलाइन होते. काही खड्यांना, खासकरून युरिक अ‍ॅसिडच्या, ह्याचा खरंच उपयोग होतो, डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात ते त्यासाठीच. पण लघवीचं आहे ते सगळं, रक्ताचं नाही.

आता तुमच्या ह्यांचं. सगळ्यात जास्त खडे निघतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पाल्यात असणारं, कॅल्शियमला धरून खडा करणारं द्रव्य). कच्च्या पालकात ऑक्झलेट प्रचंड, १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅमच्या पुढंच. खड्याच्या पेशंटला दिवसाला १०० च्या आत ठेवा असं सांगतात आणि तुम्ही अख्खी जुडी कच्ची वाटून अनशेपोटी देणार. भाजी म्हणून एवढा पालक एका माणसाला एका वेळी खाववणार नाही, मिक्सरमधून मात्र दोन मिनिटांत खाली उतरतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका किडनीच्या जर्नलमध्ये केस आली होती, ग्रीन स्मूदीचं क्लीन्स केल्यावर ६५ वर्षांच्या बाईंची किडनी ऑक्झलेटनं बिघडली. त्यांचं पोटाचं बायपास ऑपरेशन झालेलं आणि अँटिबायोटिक्स पण झालेली, म्हणजे सगळ्यांना होईल असं नाही, पण ज्याला खडा होऊन गेलाय त्यानं हा प्रयोग कशाला करायचा. खडा निघाला तेव्हा तपासला होता का, कशाचा होता? रिपोर्ट शोधा.

सासूबाईंना तर अजिबात नको, निदान विचारल्याशिवाय नको. पालक, कोथिंबीर म्हणजे व्हिटॅमिन के (रक्त गोठायला लागतं ते) भरपूर, आणि वॉरफेरिनसारखी गोळी काम करते तीच व्हिटॅमिन के ला अडवून. रोज एक ग्लास अचानक सुरू केला की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खाली येतो, व्हॉल्व्हवर गुठळी व्हायची भीती. बरेच लोक मग उलटं करतात, पालेभाजी पूर्ण बंद, तेही नको. रोज साधारण सारखं खायचं, एकदम वाढवायचं नाही एकदम तोडायचं नाही. त्या घोटभर प्यायल्यात त्यानं काही होत नाही, आयएनआरची तारीख मात्र चुकवू नका. म्हशीचा सल्ला योग्य होता.

निसर्गवाटा
सगळं ॲलोपॅथीच्या चष्म्यातून बघायचं म्हणजे असंच होणार. वॉरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला १९३१ मध्ये नोबेल मिळालंय ते कशासाठी, अल्कलाइन शरीरात कॅन्सर राहू शकत नाही हे सिद्ध केलं म्हणून. लॅबवाल्यांना हे कुणी शिकवत नाही.

मिरज_लॅबवाला
नोबेल १९३१ चं बरोबर, कारण चूक. पेशी श्वसन कशी करतात, त्यातलं एन्झाइम कसं काम करतं ह्यासाठी होतं ते. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवल्यासारखी वापरतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात हे त्यांनी दाखवलं, खरंय. म्हणजे गाठीच्या आजूबाजूचं अ‍ॅसिड ती गाठच तयार करते. पालक पिऊन तिथला पीएच बदलतो असं ते कुठं म्हणाले नाहीत. घरात केमो चालू असलेलं कुणी असेल तर असले फॉरवर्ड त्यांना पाठवू नका एवढी विनंती, ते सगळं सोडून ह्याच्या मागं लागतात, बघितलंय मी.

चाकवताची_आजी
अगं पोरी, एवढं इंग्रजी मला कळंना पण पालकाचं सांगते. आमच्या वेळी पालक, चाकवत कच्चा कोण खायचं? उकडायचा, पाणी ओतून द्यायचं, घोटायचा, मग ताक, डाळीचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरनं लसणाची चरचरीत फोडणी. माझी नात डाएटिशियन आहे पुण्याला, ती म्हणाली आजी तू नकळत बरोबर करत होतीस, उकडलेल्या पाण्यात ते ऑक्झलेट बरंचसं निघून जातं आणि ताकातलं कॅल्शियम राहिलेल्याला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. मला काय, सासूनं शिकवलं तसं केलं. अळूला चिंच का घालतात हे तरी कुणी पुस्तकात बघून घातलं होतं का, घसा खाजला म्हणून घातली.

तुला पातळच प्यायचं असेल तर पालक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, पाणी टाकून दे, गार करून ताकात फिरव, जिरं मीठ घाल. आणि ते बेदाणे काढ त्यातनं. सांगलीत राहून बेदाणे स्वस्त वाटत असतील पण मूठभर बेदाणे म्हणजे चार-पाच चमचे साखरच झाली, वर केळं. शुगर वाढू नये म्हणून पिणार आणि त्यातच साखर घालणार!

बागायतदार_तासगाव
मघापासनं वाचतोय आणि हसू येतंय, राग मानू नका ताई. आमच्याकडं अल्कलाइन म्हटलं की माणूस डोक्याला हात लावतो ओ. नदीकाठची रानं पाणी पाजून पाजून चोपण झाली, पीएच साडेआठच्या वर, ऊस पिवळा पडतो, जिप्सम टाका, चर काढा, लाखात खर्च. आणि तुम्ही पैसे देऊन अल्कलाइन व्हायला निघालाय.

आमच्या बोअरचं पाणी पण ८ च्या वर निघतं, त्यात फवारणीची काही औषधं टाकीतच नासतात, म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड टाकून ६ ते साडेसहावर आणतो मग फवारतो. एक कामाचं सांगतो, पालेभाजी ओळखीच्या माणसाकडनं घ्या, फवारणीनंतर किती दिवसांनी काढली ते विचारा. आम्ही द्राक्षाला ते दिवस मोजतो कारण बाहेर पाठवताना तपासणी होते. जुडीला कोण तपासतंय.

विश्रामबागकरीण
सगळ्यांना खूप थँक्यू, रात्री बसून दोनदा वाचलं.

ह्यांची फाइल माळ्यावरनं काढली, खड्याचा रिपोर्ट सापडला, कॅल्शियम ऑक्झलेटच निघाला. म्हणजे त्यांचा ग्लास कॅन्सल, ते तर खूशच झाले, मुद्दाम फाइल शोधायला मदत केली असं आता वाटतंय. सासूबाईंचा आयएनआर तसाही ह्या आठवड्यात होता तो करून आलो, ठीक आला. त्यांच्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलं की नेहमीची भाजी नेहमीएवढी खा, नवीन रस-बिस काही नको. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की डॉक्टर माझ्या बाजूनं आहेत.

माझं मी चालू ठेवणार आहे पण आजींच्या पद्धतीनं, आज केलं, उकडलेला पालक ताकात, जिरं आणि थोडी कोथिंबीर. रंग जरा शेवाळासारखा येतो पण चव खरंच चांगली आहे, मुलानं पण अर्धा ग्लास घेतला. दुधी आज चाखून बघितला, गोड होता, त्याची भाजी केली.

आता डबीत ७० एक पट्ट्या उरल्यात, त्या परत घेत नाहीत म्हणे. काय करू त्यांचं?

बागायतदार_तासगाव
फेकू नका. लघवीच्या पट्टीवर नुसता पीएच असेल तर टाकीच्या पाण्याला पण चालून जाईल, आमची डबी संपलीय. पोरगं सोमवारी विश्रामबागला क्लासला येतं, त्याच्याकडं द्या. बदल्यात पेटीभर द्राक्षं पाठवतो, दिवस मोजून काढलेली.